सम व दमट

लहानपणी पाठ केलेल्या गोष्टींपैकी पुढे कोणती उपयोगी पडणार, हे पाठ करताना कळत नाही. मला एकोणतिसाचा पाढा तोंडपाठ होता. बँकेत चिकटलो त्याच दिवशी हेडक्लार्कने हातात कॅलक्युलेटर दिला आणि एकोणतिसाचा पाढा कायमचा निवृत्त झाला. अकबराच्या दरबारातल्या नवरत्नांची नावे पाठ होती. त्यांपैकी एकाचेही आमच्या शाखेत खाते निघाले नाही. पण भूगोलातले एक वाक्य मात्र गेली वीस-बावीस वर्षे मला रोज चोवीस तास उपयोगी पडते आहे. नुसते उपयोगी पडत नाही, अंगाला चिकटते आहे. ते वाक्य असे: मुंबईचे हवामान सम व दमट आहे.

हे वाक्य मला माझ्या वडिलांनी शिकवले. अण्णा सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि दुर्दैवाने मी त्यांच्याच वर्गात होतो. (दुर्दैव कुणाचे, यावर आमच्यात अजून एकमत नाही.) 'सम' म्हणजे काय, हे त्यांनी फळ्यावर खडूने सरळ रेघ ओढून दाखवले. जास्त उन्हाळा नाही, जास्त हिवाळा नाही. शाळेचे पत्रे तापून कडकड वाजत होते, तरी आम्ही माना डोलावल्या. "आणि दमट म्हणजे काय?" अण्णांनी विचारले. वर्ग चिडीचूप. आमच्या गावात दमट म्हणून दाखवता येईल अशी वस्तूच नव्हती. शेवटी अण्णांनी सगळ्या पोरांना रांगेने व्हरांड्यात नेले आणि पाण्याच्या रांजणाखाली एकेकाला हात लावायला लावला. "हे दमट," ते म्हणाले. "मुंबई सगळी अशी."

पुढे बी.कॉम. होऊन २००४ साली मी बँकेच्या नोकरीवर मुंबईत दाखल झालो आणि त्या रांजणाखाली राहायला आलो, तो अजून तिथेच आहे.

यातले 'सम' प्रकरण मला समजायला फार वेळ लागला. मुंबईलाही आपल्या नावावर विक्रम आहेत, नाही असे नाही. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी पारा ४२.२ अंशांवर गेला होता आणि २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ पर्यंत उतरला होता. पण हे झाले खात्यातले एखाददुसरे मोठे व्यवहार. एरवी मुंबईचा पारा पगारदार माणसाच्या शिलकीसारखा असतो, वरही जात नाही आणि मिनिमम बॅलन्सच्या खालीही जात नाही. आमच्या सांगोल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर गेला तर ती बातमी होत नाही, तिला दुपार म्हणतात.

हा समपणा समुद्राच्या कृपेने येतो. समुद्र जुन्या वळणाच्या मॅनेजरसारखा आहे. तो चटकन तापत नाही आणि एकदा तापला की चटकन निवतही नाही. जमीन मात्र नव्या भरतीच्या क्लार्कसारखी दुपारी बारालाच लाल होते. मग समुद्रावरून खारे वारे येतात आणि तिची समजूत काढतात. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. लहानपणी मी त्यांना बरीच वर्षे 'मतलबी वारे' म्हणत होतो. अण्णांनी पट्टी मारून ते दुरुस्त केले, पण मुंबईत राहिल्यावर मला माझेच नाव जास्त बरोबर वाटू लागले. कारण ऑक्टोबरमध्ये, जेव्हा वाऱ्याची खरी गरज असते, तेव्हा दोन्हीपैकी एकही वारा जागेवर सापडत नाही. दोघेही एकदम रजेवर.

मुंबईच्या थंडीबद्दल मी बोलणे बरे नव्हे. जिथे पारा अठरा अंशांवर आला म्हणून वर्तमानपत्रात 'मुंबई गारठली' असे छापून येते, तिथे पाहुण्याने काय बोलावे? त्या दिवशी आमचे हेडकॅशियर पिंजऱ्यात कानटोपी घालून बसतात. ती कानटोपी त्यांना सासऱ्यांनी दिवाळसणाला दिली, आणि वर्षातून दोन दिवस तरी ती वापरली गेली नाही तर घरी चौकशी होते. सौ. माझा स्वेटर पेटीतून काढून डांबरगोळ्यांचा वास घालवण्यासाठी दांडीवर टाकते. वास जातो त्या दिवशी थंडीही जाते आणि स्वेटर पुन्हा पेटीत.

'सम' हे असे. खरा संसार करायचा तो 'दमट'शी.

जून लागला की आमच्या घरातल्या कडक वस्तू एकेक करून शरण येतात. आधी खारी बिस्किटे, मग पापड, मग काड्यापेटी. मीठ बरणीत एकजूट करते आणि चमच्याला दाद देत नाही. न्हाणीघराचे दार फुगते. आत गेलेल्याला बाहेर काढायला एक माणूस बाहेर लागतो, म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे कुणी एकटे आंघोळीला जात नाही. कपाटातल्या चपलांवर हिरवीगार बुरशी धरते. पंखा चालवून, खुर्च्यांच्या पाठींवर पसरून, शेवटी इस्त्री फिरवूनसुद्धा कपडे वाळत नाहीत, फक्त कोमट होतात. मी जून ते सप्टेंबर कोमट शर्ट घालून बँकेत जातो.

बँकेतही तीच तऱ्हा. नोटा एकमेकींना सोडायला तयार नसतात. मोजायचे यंत्र ९९ म्हणते, कॅशियर शंभर म्हणतो, गिऱ्हाईक एकशे एक म्हणते. पाकिटे डिंक न लावता आपोआप बंद होतात, आणि त्यात काय घालायचे होते ते नंतर आठवते. पासबुक छापायचे यंत्र ओलसर पासबुक तोंडात धरते आणि कुत्र्याने चप्पल सोडू नये तसे सोडत नाही. आणि गिऱ्हाइकांची गर्दी! मॅनेजरसाहेबांना आधी वाटले, शाखेचा कारभार वाढला. नंतर लक्षात आले की कुणालाच काही काढायचे किंवा भरायचे नाही. सगळे पाऊस थांबायची वाट बघत उभे आहेत. एकाने मात्र भिडेखातर शंभर रुपये भरले आणि पाऊस थांबल्यावर काढून नेले.

आता पावसाकडे वळतो. आणि पाऊस म्हटले की अण्णांचा फोन आलाच.

आमच्या गावाकडे वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही देवाची मर्जी असली तर. त्यामुळे अण्णा पाऊस नुसता बघत नाहीत, मोजतात. शाळेत होते तेव्हा शाळेसाठी मोजत, निवृत्त झाल्यावर घरच्यासाठी मोजू लागले. नोंद करायला त्यांनी एक कोरा हजेरीपट घेतला आहे. त्या हजेरीपटात पाऊस हा एकच विद्यार्थी. आला तर मिलिमीटरचा आकडा, नाही आला तर 'निरंक'. मृग नक्षत्रात हा विद्यार्थी बहुधा गैरहजर असतो. आर्द्रात तोंड दाखवून जातो. त्याच्या भरवशावर आमची पाच एकर जमीन आहे.

वीस वर्षे आमचा फोन ठरलेला. सकाळी मी लोकलच्या गर्दीत उभा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वरची कडी, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये.

"काय म्हणतोय पाऊस?" अण्णा विचारत.

"काही विचारू नका. वैताग आणलाय नुसता. चार दिवस सूर्य नाही. तुमच्याकडे?"

"निरंक."

"येईल हो, अण्णा. काळजी करू नका."

हे मी ज्या आवाजात म्हणत असे, तो आवाज मी चांगला ओळखतो. पेन्शन जमा झाली का म्हणून खिडकीवर विचारायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी त्याच आवाजात 'होईल हो आजोबा' म्हणतो.

अण्णांचा हवामान खात्यावर भारी विश्वास. अंदाज चुकला तर ते पावसाला दोष देतात, खात्याला नाही. खात्याची परिभाषाही त्यांनीच मला समजावली, आणि बँकवाल्याला ती लगेच पटावी अशी आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला की त्याच्याही पलीकडचा. अगदी आमच्या व्याजदराच्या स्लॅबसारखे. आणि खालच्या टोकाला अडीच मिलिमीटर पाऊस झाला नाही तर तो 'पावसाचा दिवस' धरतच नाहीत. मी अशा दिवशी स्टेशनपासून बँकेपर्यंत गंजीफ्रॉकसकट भिजलो आहे, पण खात्याच्या लेखी त्या दिवशी पाऊस नव्हता. शिवाय खात्याचा दिवस मोजला जातो तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. आमचे हिशेब संध्याकाळी जुळवतात, त्यांचे सकाळी.

याच हिशेबाने २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला सांताक्रूझच्या खात्यावर ९४४ मिलिमीटर जमा झाले. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर! त्या दिवशी मी परळच्या शाखेतून निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गोरेगावच्या खोलीवर पोचलो. माहीमला कुणीतरी चहा दिला. पुढे छातीभर पाण्यात एका अनोळखी माणसाने माझा हात धरला. कोण कुणाला धरून चालले होते ते कळत नव्हते. सांताक्रूझवरून मी पायी गेलो, तेव्हा त्या ९४४ पैकी निदान दोन-चार मिलिमीटर माझ्या डोक्यावरून मोजून गेले असणार.

दोन दिवसांनी फोन लागला. मी अण्णांना आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"चूक असेल," अण्णा म्हणाले. "चौऱ्याण्णव पूर्णांक चार असेल. दशांश चिन्ह राहिलं असेल."

"नाही अण्णा. नऊशे चव्वेचाळीस."

"एका दिवसात?"

"एका दिवसात."

"आपला दोन वर्षांचा पाऊस," अण्णा म्हणाले. मग एकदम आठवण झाल्यासारखे विचारले, "तू बरा आहेस ना?" मला तेव्हा क्रम उलटा झाल्यासारखा वाटला होता. अजूनही मी मधूनमधून त्यांना त्यावरून चिडवतो.

असे हे अण्णा. मुंबईला ते येत ते दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. पावसाळ्यात गाव सोडणे त्यांच्या लेखी परीक्षेच्या दिवशी मास्तराने रजा घेण्यासारखे. पण एका जूनच्या अखेरीस त्यांचा मोतीबिंदू पिकला. डॉक्टर इथला ठरला, आणि बहात्तराव्या वर्षी अण्णा आयुष्यात पहिल्यांदा मुंबईचा जुलै बघायला आले. पिशवीत दोन धोतरे, एक सदरा आणि हजेरीपट.

ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी डोळ्यावर काळा चष्मा चढवला आणि बजावले, "एक महिना डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये." जन्मभर पावसाची वाट पाहिलेल्या माणसाला बरोबर जुलै महिन्यात, बरोबर मुंबईत हे सांगण्यात आले. अण्णा खिडकीशी खुर्ची टाकून बसले.

"ढग फार काळे आहेत रे!" पहिल्याच सकाळी ते हरखून म्हणाले.

"अण्णा, चष्मा काळा आहे."

त्यांनी चष्मा किंचित वर करून पाहिले. "तरीसुद्धा काळेच आहेत," ते म्हणाले आणि चष्मा खाली घेतला.

तिसऱ्या दिवशी सौ.चा साखरेचा स्टीलचा डबा नाहीसा झाला. शोधाअंती तो इमारतीच्या गच्चीवर सापडला. आमच्या चिरंजीवांनी तो आजोबांच्या हुकमावरून तिथे नेऊन ठेवला होता. साखरेचाच डबा का, याचे शास्त्रीय कारण होते. "भांड्याचं तोंड लहान का मोठं, याच्याशी पावसाला देणंघेणं नसतं," अण्णांनी नातवाला समजावले. "भिंती सरळ पाहिजेत आणि बूड सपाट पाहिजे. मग आत जेवढं मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस." घरातल्या सगळ्या भांड्यांत हा एकच डबा या कसोटीला उतरला. सौ.ला त्याचा अभिमान वाटावा अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, "साखरेला पाणी सुटलंच होतं, आता डबाही पाण्यात."

चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. गच्चीवर वैयक्तिक वस्तू ठेवण्यास मनाई आहे, असा ठराव होता.

"डबा कशासाठी?"

"पाऊस मोजायला."

"त्याला सरकार आहे की!"

"सरकार सांताक्रूझला मोजतं आणि कुलाब्याला मोजतं," अण्णा म्हणाले. "तुमच्या गच्चीवर किती पडला, ते सांगायला सरकार येणार आहे का?"

हा मुद्दा सेक्रेटरींना लागला. वीस वर्षे गच्ची गळते म्हणून ते भांडत होते, पण गच्चीवर किती पडते याचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. त्यानंतर रोज साडेआठला चिरंजीव फूटपट्टी घेऊन गच्चीवर, सेक्रेटरी त्यांच्यावर छत्री धरून मागे, आणि अण्णा खाली हजेरीपट उघडून तयार, असा सोहळा सुरू झाला. आठवड्याभरात नोटीसबोर्डावर थकबाकीदारांच्या यादीशेजारी रोजचा पाऊस लागू लागला. यादी कुणी वाचत नसे, पाऊस सगळे वाचत. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "काल एक्क्याण्णव, बरं का!" जणू पोराला टक्के पडले होते.

संध्याकाळी आजोबा-नातवाचा वर्ग भरे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, म्हणजे हवामान खातेच मुळी निघाले १८७५ साली, त्याच्या आधीची. पुढे विजेच्या ट्रामची चाहूल लागली. विजेने चुंबकसुईचे वेध बिघडतात, म्हणून १९०४ साली त्या कामासाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. मुंबईच्या गडबडीला कंटाळून अलिबागला जागा घ्यायची पद्धत आजकालच्या पैसेवाल्यांनी पाडली असे मी समजत होतो. पहिला मान चुंबकसुईचा आहे.

एके दिवशी अण्णांनी मला विचारले, "एवढं पाणी जातं कुठं?"

"समुद्रात."

"सगळं?"

मी घाईघाईने मुंबईची बाजू सावरायला गेलो. सात तलावांची नावे घडाघडा म्हटली: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. यात पाणी साठते, वर्षभर आम्ही तेच पितो, पावसाळ्यात त्यांची पातळी सौ. पासबुकासारखी रोज वाचते. अण्णा मास्तर असल्यामुळे नकाशा डोक्यात तयार. "यातले शहरात दोनच," ते म्हणाले. "तुळशी आणि विहार. बाकीचे तिकडं लांब घाटाकडं. म्हणजे तुमच्या रस्त्यावर पडतो तो पाऊस तुम्ही पीत नाही."

"नाही. तो गटारातून समुद्रात जातो. भरती असली की मात्र जात नाही. समुद्र आत घेत नाही, मग तुंबतो. त्यासाठी हाजी अलीला, वरळीला मोठाले पंप बसवलेत. ते पाणी उपसून समुद्रात टाकतात."

"पाणी बाहेर टाकायला पंप?" अण्णांनी दोनदा विचारले. त्यांनी आयुष्यभर पंप पाहिले ते पाणी वर ओढणारे. आमच्या बोअरचा पंप तर एप्रिलनंतर पाणी नव्हे, नुसता आवाज वर ओढतो. त्या रात्री ते जरा कमी जेवले.

तीन आठवडे झाले त्या दिवशी बेरीज गावच्या वर्षाच्या पावसापुढे गेली. अण्णांनी बेरीज पुन्हा तपासली, मग बी.कॉम. म्हणून माझ्याकडून तपासून घेतली. बरोबर होती. "वर्षाचा अभ्यासक्रम तीन आठवड्यांत संपला," ते म्हणाले आणि हजेरीपट मिटला.

महिना भरला, डॉक्टरांनी चष्मा उतरवला. गावी जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना मरीन ड्राइव्हला घेऊन गेलो. भरतीची वेळ होती. लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या, पोरे ओरडत होती, आणि वरून धो धो पाऊस. अण्णा छत्रीखाली उभे राहून समुद्राकडे बघत राहिले. नव्या डोळ्यांनी त्यांना पार क्षितिजापर्यंत दिसत असावे.

"काय बघताय?" मी विचारले.

"पाऊस समुद्रात पडतोय," अण्णा म्हणाले.

मला हसू आले. वीस वर्षे मी हा समुद्र पाहत होतो, पण पाऊस समुद्रातही पडतो हे कधी लक्षात आले नव्हते. आपल्या डोक्यावर पडतो तेवढाच पाऊस, अशी माझी समजूत.

"पाण्यात पाणी," अण्णा म्हणाले. "कुणी मागितलं होतं का याला?"

"जलचक्र आहे ना अण्णा ते. वाफ होणार, ढग होणार..."

"जलचक्र मीच शिकवलंय तुला. फिरतं ते माहीत आहे. आमच्यावरून फिरत नाही एवढंच." मग पट्टी हातात असल्यासारखा हात पूर्वेकडे करून ते म्हणाले, "सह्याद्री आडवा येतो. ढग इकडंच रिकामे होतात. आम्हाला पुस्तकात काय म्हणतात सांग?"

"पर्जन्यछायेचा प्रदेश." मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण उत्तर देताना सरळ उभा राहिलो.

"शाबास. म्हणजे पाऊस तुमच्याकडं पडतो आणि आमच्याकडं त्याची सावली." ते थोडे थांबले. "गंमत बघ. इकडून निघालेले ढग आमच्यापर्यंत पोचत नाहीत. तिकडून निघालेली पोरं मात्र इकडं बरोबर पोचतात. सह्याद्री त्यांना आडवा येत नाही."

हे त्यांनी रागाने म्हटले नाही. भूगोलातली एक वस्तुस्थिती सांगावी तसे सांगितले. अशा वेळी मुलाने काय बोलायचे असते, हे बी.कॉम.ला नव्हते. मी दोन भाजलेली कणसे विकत घेतली. आम्ही ती छत्रीखाली उभे राहून खाल्ली. कणीस दमट होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना एसटीत बसवून दिले. डबा धुऊन सौ.च्या हवाली करावा म्हणून गच्चीवर गेलो, तर सेक्रेटरी आधीच वर हजर. "डबा राहू द्या," ते म्हणाले. "सीझनच्या मध्ये आकडे बंद करू नयेत." सौ.ने साखरेसाठी दुसरा डबा आणला. पहिला अजून वर आहे. चिरंजीवांचा उत्साह पंधरा दिवसांत संपला, तेव्हापासून साडेआठच्या आत फूटपट्टी घेऊन मीच जातो. त्यामुळे माझी नेहमीची लोकल चुकते. पण २०२५ साली जेव्हा पाऊस ११ जूनची ठरलेली तारीख सोडून २६ मेलाच मुंबईत हजर झाला आणि सगळ्या शाखेत एकाच्याही जवळ छत्री नव्हती, तेव्हा आमच्या इमारतीचा डबा मात्र जागेवर होता.

फोनही चालू आहे, फक्त मी आता वैताग सांगत नाही, आकडा सांगतो. "अडुसष्ट," मी म्हणतो. "निरंक," ते म्हणतात. "येईल हो, अण्णा," हे म्हणणे मी सोडून दिले आहे. आम्ही दोघे थोडा वेळ फोन नुसता धरून ठेवतो.

परवा सप्टेंबरच्या अखेरीस, हस्त नक्षत्र लागल्यावर, सकाळी साडेआठला एक मिनिट असताना फोन वाजला. अण्णांना मिनिटभरही धीर नव्हता.

"एक्केचाळीस!"

"काय?"

"एक्केचाळीस मिलिमीटर! रात्रभर पडला. रानात पाय ठेववत नाही. ज्वारीची पेरणी साधली बघ! वाफसा आला की तिफण धरायची." मागे कुणीतरी ओरडत होते, कुठेतरी पन्हळ वाजत होती. अण्णांचा आवाज तीस वर्षांनी तरुण झाला होता. मग एकदम शिष्टाचार आठवून त्यांनी विचारले, "तुमच्याकडं?"

मी गच्चीवरच होतो. ऊन चटचटत होते. वारा नाही, दोन्ही वारे रजेवर. शर्ट पाठीला चिकटला होता. डब्यात पाहिले. तळाशी एक वाळलेले पान.

"निरंक," मी म्हणालो.

"असू दे," अण्णा म्हणाले. "येईल. काळजी करू नकोस."